शिकार आणि राखण

निवडणुकीत एखाद्या उमेदवाराने अनपेक्षित बाजी मारली की आपली वृत्तपत्रे त्याने 'मुसंडी मारली' असे छापतात. छापणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या मनात त्या वेळी डुक्कर नसते. परंतु हा शब्द आला आहे तो रानडुकराच्या धावेवरून. मान खाली, सुळे पुढे आणि समोर काय आहे याची पर्वा न करता सरळ रेषेत घेतलेली धाव, ती मुसंडी. शहरातल्या माणसाची रानडुकराशी ओळख उरली आहे ती एवढीच, म्हणजे भाषेतली. शेतकऱ्याची ओळख निराळी आहे. संध्याकाळी उभे असलेले भुईमुगाचे रान सकाळी नांगरून टाकल्यासारखे दिसते, तेव्हा त्याला मुसंडीचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही.

रात्रीच्या वेळी बंदुकीने रानडुकराची शिकार, हा आमच्या विवेचनाचा विषय आहे. वसंत ऋतूतल्या या ज्ञानसत्रात अशा विषयाला स्थान कसे, असे कोणी विचारील. त्यावर आमचे उत्तर असे की, जनावर मारण्याच्या रीतींत माणसामाणसांमधल्या संबंधांचा इतिहास साठलेला असतो. बंदूक कोणाच्या हाती आहे, ती कोणाच्या रानात वाजते, आणि जनावर मेल्याने किंवा जगल्याने लाभ कोणाचा होतो, हे तीन प्रश्न विचारीत गेले म्हणजे शिकारीच्या कथेतून राज्यव्यवस्थेची कथा बाहेर पडते. शिवाय आज महाराष्ट्रात कोकणापासून विदर्भापर्यंत शेतकरी रानडुकरांमुळे जेरीस आले आहेत आणि बंदुकीची मागणी करीत आहेत. ती मागणी योग्य की अयोग्य हे ठरविण्यापूर्वी, अशा बंदुकीने इतरत्र व पूर्वी काय साधले हे पाहणे अगत्याचे आहे.

आरंभीच दोन शब्दांत भेद करून ठेवू. एक शब्द 'शिकार' आणि दुसरा 'राखण'. शिकारीला जनावर हवे असते. राखणीला जनावर नको असते. तिला पीक हवे असते. दोन्हींत माणूस रात्र जागतो, दोन्हींत हातात हत्यार असू शकते, दोन्हींत डुक्कर मरू शकते. म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला त्या एकच वाटतात. परंतु जो शिकार करतो त्याला पुढच्या वर्षीही शिकार मिळावी असे वाटते, आणि जो राखण करतो त्याला पुढच्या वर्षी जागरणच करावे लागू नये असे वाटते. सारा इतिहास या एका भेदावर उभा आहे, असे आमचे म्हणणे आहे.

राजाचे डुक्कर आणि रयतेचे शेत

आपल्या दख्खनच्या भूमीत वराहाला मान मोठा. बदामीच्या चालुक्यांचे राजचिन्ह वराह होते. विजयनगरच्या सोन्याच्या नाण्याला 'वराह' हेच नाव पडले. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात जो 'मानसोल्लास' नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला, त्यात राजाच्या विनोदांमध्ये मृगयेचे प्रकार तपशिलाने सांगितले आहेत. ग्रंथाच्या नावातच हेतू आला : राजाच्या मनाला उल्हास व्हावा. शिकार हा राजाचा विनोद, ही कल्पना जगभर होती.

राजाच्या विनोदाची किंमत रयत देत असे. युरोपात ही गोष्ट फार ठळकपणे नोंदली गेली आहे. सरदारांनी शिकारीसाठी राखलेली हरणे व डुकरे शेतकऱ्याच्या पिकात शिरत, आणि त्यांना मारण्याचा अधिकार शेतकऱ्याला नसे. १५२५ साली जर्मनीतले शेतकरी बंड करून उठले तेव्हा त्यांनी मेमिंगेन या गावी आपल्या मागण्यांची बारा कलमे तयार केली. त्यांतले चौथे कलम शिकारीविषयी व मासेमारीविषयी आहे. देवाने माणसासाठी वाढविलेले पीक जनावरे उधळतात आणि आम्ही ते मुकाट्याने सोसावे अशी सक्ती आमच्यावर होते, असे त्या कलमाचे गाऱ्हाणे. ते बंड रक्तात बुडाले. पुढे २६४ वर्षांनी, १७८९ च्या ऑगस्टमध्ये, फ्रान्सच्या राष्ट्रसभेने सरंजामी हक्क रद्द केले, त्यांत सरदारांचा शिकारीचा खास हक्कही होता. आपल्या शेतात शिरलेले जनावर मारता येणे हा त्या शेतकऱ्यांच्या दृष्टीने स्वातंत्र्याचाच भाग होता.

आपल्याकडे शेतकऱ्याची राखण बंदुकीवर फारशी अवलंबून नव्हती. ज्वारीच्या रानात माळा घालून गोफण फिरवायची, रात्री डबा बडवायचा, टेंभा पेटवून हाळी द्यायची, कुत्री बरोबर ठेवायची, कुपाट्या घालायच्या, हे तिचे स्वरूप. रात्री रानात जागणे याला 'जागल' हा शब्द आजही आहे. गावाची राखण करणाऱ्याला 'जागल्या' म्हणत. कोकणात तर शेताशिवाराची राखण करणारा अदृश्य 'राखणदार' मानून त्याला नारळ-कोंबडा देण्याची रीत आहे. मनुष्य एकट्याने राखण करू शकत नाही. ती साऱ्या शिवाराची मिळून करावी लागते, हे ज्ञान या शब्दांत आणि रीतींत साठलेले आहे. पुढे हे लक्षात ठेवावे लागेल.

भाल्याचा खेळ

इंग्रज या देशात आले तेव्हा त्यांच्या स्वतःच्या देशातले रानडुक्कर नामशेष होऊन शतके लोटली होती. येथे त्यांना ते मुबलक सापडले. घोड्यावर बसून हातातल्या भाल्याने रानडुकराचा पाठलाग करणे हा खेळ त्यांनी वाढविला. बंगालमध्ये आरंभी अस्वलांवर भाला टाकीत, अस्वले दुर्मीळ झाली तेव्हा ते डुकरांकडे वळले, असे जुने इंग्रज लेखक सांगतात. बंगालचा भाला आखूड, तो वरून खाली मारायचा. मुंबई इलाख्यातला लांब, सुमारे आठ फुटांचा, तो खालच्या हाताने धरायचा. दोन इलाख्यांमध्ये या भाल्यांच्या गुणदोषांवर हिरिरीने वाद चालत. पेशवाईनंतर पुणे व अहमदनगर येथे लष्करी छावण्या पडल्या आणि दख्खनच्या माळरानांवर हा खेळ रुजला. खानदेशात भिल्लांची पलटण उभारणारा जेम्स औट्रम याची या खेळातली कीर्ती मोठी होती. उत्तरेत मीरतजवळ गंगेच्या खादरात 'कादिर कप' नावाची स्पर्धा दरवर्षी भरे. ती १९३९ पर्यंत चालली. १८८३ साली ती जिंकणारा तरुण अधिकारी बेडन-पॉवेल याने १८८९ मध्ये या खेळावर पुस्तकच लिहिले. हाच बेडन-पॉवेल पुढे बालवीर चळवळीचा जनक म्हणून जगाला माहीत झाला. आपल्या संस्थानिकांनीही हा शौक उचलला. खेळ धाडसाचा होता यात शंका नाही. खाचखळग्यांच्या रानातून भरधाव घोडा फेकायचा आणि उलटून अंगावर येणाऱ्या डुकराला भाल्यावर घ्यायचे, यात कित्येक घोडी व काही स्वारही कामी आले.

आता या खेळाचे नियम पाहा. त्यांच्या मंडळांना 'टेंट क्लब' म्हणत. माजलेला नर तेवढा मारायचा, डुकरिणीवर घोडा घालायचा नाही, ठराविक उंचीखालचा नर सोडून द्यायचा, असा शिरस्ता होता. आणि ज्या मुलखात भाल्याचा खेळ चाले तेथे डुकरावर गोळी झाडणे हे अत्यंत नीच कृत्य समजले जाई. इंग्लंडात कोल्ह्याला घोडेस्वारांनी कुत्र्यांकरवी न मारता बंदुकीने मारणाऱ्याची जी नाचक्की होई, तीच येथे डुकरावर गोळी घालणाऱ्याची.

खेळाडूच्या दृष्टीने हे नियम उमदे आहेत. शेताच्या बांधावर उभे राहून मात्र ते निराळे दिसतात. पिलांची पैदास करणारी मादी सुरक्षित. उद्या मोठा होणारा नर सुरक्षित. आणि रात्री पिकावर पडणाऱ्या कळपावर बंदूक चालविणे हे असभ्यपणाचे. साहेब गावाजवळ तंबू ठोकून डुक्कर मारतो, म्हणजे तो रयतेवर उपकारच करतो, असे तेव्हा म्हटले जाई. परंतु त्याच्या नियमांचा हेतू डुकरे टिकावीत हाच होता, आणि तो सफळ होत असे.

ठासणीची बंदूक

याच काळात रयतेच्या हातची बंदूक काढून घेतली गेली. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, १८७८ साली, हत्यारांचा कायदा झाला. युरोपियनांना त्यातून सूट होती. हिंदी माणसाला परवाना हवा होता. याच वर्षी जंगलांचाही नवा कायदा झाला. एका हाताने रान सरकारचे झाले आणि दुसऱ्या हाताने रानाशेजारी राहणाऱ्याचे हत्यार परवान्याखाली गेले. हत्यारांच्या कायद्याविरुद्धचा ठराव राष्ट्रीय सभेच्या १८८७ च्या मद्रास अधिवेशनात चर्चेला आला. त्या मागणीमागे राष्ट्राच्या मानाचा प्रश्न होताच; पण श्वापदांपुढे खेडेगाव उघडे पडले आहे, हीही तक्रार त्या काळी सर्वत्र ऐकू येई.

पिकाच्या राखणीसाठी परवाने मिळत, नाही असे नाही. स्वातंत्र्यानंतर १९५९ साली नवा शस्त्र-कायदा आला, त्यातही खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी परवान्याची तरतूद आहे. आणि ती कोणत्या हत्याराची? ठासणीच्या बंदुकीची. नळीच्या तोंडातून दारू व छरे ठासून भरायचे, एक बार काढायचा, आणि पुन्हा ठासत बसायचे. तिची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलच्या नळीत पेचदार आटे कोरलेले असतात. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत, सरळ व फार दूर जाते. ठासणीच्या बंदुकीचा मारा जवळचा. कायदा करणाऱ्यांनी येथे, कळत वा नकळत, राखण आणि शिकार यांतला भेद ओळखला होता असे म्हणावे लागेल. रात्रीच्या अंधारात, जेथे शेजारच्या रानात दुसरा माणूस जागलीला बसलेला असतो, तेथे फार दूर जाणारी गोळी हे वरदान नसून संकट आहे. डुक्कर समजून माणसावर गोळी झाडली गेल्याच्या दुःखद बातम्या आजही अधूनमधून आपण वाचतो.

समुद्रापलीकडचे डुक्कर

रात्र, रायफल आणि रानडुक्कर या तिहींचा संयोग आज सर्वांत मोठ्या प्रमाणावर पाहावयाचा तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः टेक्सासमध्ये. त्यासाठी क्षणभर आपल्याला दूर जावे लागेल. पण जाणे सार्थकी लागेल, कारण आपल्या शेतकऱ्यांना जो उपाय सुचतो तो तेथे पुरेपूर करून पाहिला गेला आहे.

अमेरिका खंडात डुक्कर मुळचे नाही. कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत कॅनरी बेटांतून आठ डुकरे बरोबर घेतली. १५३९ मध्ये एर्नांदो दे सोतो हा स्पॅनिश सरदार फ्लोरिडात उतरला, तेव्हा सैन्याच्या अन्नासाठी त्याच्याजवळ थोडीशी डुकरे होती. तीन वर्षांनी तो मेला त्या वेळी त्यांची संख्या सुमारे सातशे झाली होती. पुढच्या वसाहतवाल्यांनीही डुकरे कानाला खूण करून रानात मोकळी सोडण्याची वहिवाट ठेवली. त्यांतली कितीतरी परत आलीच नाहीत. अशी ही पाळीव जात रानटी झाली. तिच्यात १९१२ साली नवे रक्त मिसळले. उत्तर कॅरोलिनातल्या हूपर बॉल्ड या डोंगरावर जॉर्ज गॉर्डन मूर नावाच्या धनिकाने श्रीमंत पाहुण्यांच्या शिकारीसाठी युरोपातून अस्सल रानडुकरे आणवून कुंपणात ठेवली. कुंपण टिकले नाही, डुकरे टिकली. ती डोंगरदऱ्यांत पसरली आणि गावठी रानटी डुकरांशी त्यांचा संकर झाला. मूर याने पुढे १९२० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातही अशी डुकरे नेली.

हा प्राणी वाढतो कसा हे सांगितले पाहिजे. डुकरिणीचा गर्भकाळ सुमारे ११५ दिवसांचा. एका वेतात साधारण चार ते सहा पिले, कधी अधिक. आणि मादी पिलू वर्षाच्या आत स्वतः विण्याजोगे होते. खाण्यात आवडनिवड नाही. बुद्धी तल्लख, नाक कुत्र्याच्या तोडीचे. माणसाने दिवसा त्रास दिला की ते दिवसाचा व्यवहार सोडून रात्रीचा धरते. डुक्कर मुळात पक्का निशाचर नव्हे. त्याला निशाचर आपण करतो. म्हणूनच त्याच्या मागावर माणसालाही रात्र धरावी लागली.

अंधारात पाहणारा डोळा

अंधारात नेम धरण्याची विद्या युद्धाने दिली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ साली, ओकिनावाच्या लढाईत अमेरिकन सैनिकांनी अवरक्त किरणांचा दिवा व दुर्बीण बसविलेली बंदूक वापरली. व्हिएतनामच्या युद्धात चांदण्याचा मंद प्रकाश अनेकपट वाढवून दाखविणारी दुर्बीण आली. त्यानंतर वस्तूच्या अंगची उष्णताच चित्ररूपाने दाखविणारी साधने निघाली. त्यांतला सुटसुटीत, थंड न ठेवताही चालणारा प्रकार लष्करासाठी गुप्तपणे विकसित झाला होता. १९९२ मध्ये त्यावरची गुप्तता उठली. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तो बाजारात आला आणि शिकाऱ्यांच्या रायफलीवर चढला.

त्यामुळे टेक्सासमधल्या रात्रीच्या शिकारीचे आजचे चित्र असे आहे. शिकारी वारा कोणीकडून येतो ते पाहतो, कारण डुकराला माणसाचा वास लागला की सारा डाव संपला. मक्याच्या किंवा भुईमुगाच्या शेताच्या कडेने तो दबकत जातो. दुर्बिणीत काळ्या रानावर पांढरे ठिपके दिसतात, ती डुकरांची उबदार शरीरे. गाईच्या किंवा हरणाच्या डोळ्यांप्रमाणे डुकराचे डोळे दिव्याच्या झोतात चमकत नाहीत, म्हणून उष्णता दाखविणारे हे साधन येथे फार उपयोगी पडते. कोणी लाल किंवा हिरव्या प्रकाशाचा दिवा वापरतात. लाल रंग डुकराला नीट दिसत नाही. मोठ्या नराच्या खांद्यावर जाड, चिवट कातड्याची ढालच असते. ती भेदण्यासाठी गोळीही तशी निवडावी लागते. पहिला बार होताच कळप उधळतो, आणि एकामागून एक गोळ्या झाडणाऱ्या रायफलीने जेवढी टिपता येतील तेवढी टिपायची. २०११ साली टेक्सासने हेलिकॉप्टरमधून डुकरे मारण्याची मुभा भाडे देणाऱ्या शिकाऱ्यांनाही दिली. २०१९ साली, जमीनमालकाची संमती असल्यास, खासगी जमिनीवर रानटी डुकरे मारण्यास शिकारीचा परवानाही लागेनासा झाला. ना ऋतूचे बंधन, ना संख्येचे, ना वेळेचे.

म्हणजे जो शस्त्रसंभार आपला शेतकरी स्वप्नातही पाहत नाही तो तेथे सहज उपलब्ध आहे. मग परिणाम काय झाला? १९८२ च्या सुमारास अमेरिकेतल्या १७ राज्यांत ही डुकरे होती. पुढच्या तीस वर्षांत ती ३८ राज्यांत दिसली. आज त्यांची संख्या साठ लाखांच्या वर असल्याचा तेथील शेतीखात्याचा अंदाज आहे. टेक्सासच्या तज्ज्ञांनी २०११ च्या सुमारास हिशेब केला तो असा : डुकरांची संख्या आहे तेथे थोपवून धरावयाची तर दरवर्षी शेकडा ६६ मारली पाहिजेत, शिकार, सापळे आणि इतर सर्व उपाय मिळून मरतात ती शेकडा २९ च्या आसपास.

बंदुका वाढल्या, डुकरेही वाढली

बंदुका अपुऱ्या पडल्या असे म्हणून येथे थांबता येत नाही. टेनेसी राज्याची कथा अधिक बोलकी आहे. तेथे डुकरे थोड्याच कौंट्यांत होती. ती कमी व्हावीत म्हणून राज्याने १९९९ मध्ये राज्यभर त्यांची शिकार खुली केली. दहा-बारा वर्षांत ती राज्यातल्या ९५ पैकी सुमारे ८० कौंट्यांत पोहोचली. ती चालत गेली नव्हती. शिकारीचा शौक लागलेल्या लोकांनी ती पकडून, गाडीत घालून, आपापल्या रानात नेऊन सोडली होती. २०११ साली राज्याने धोरण बदलून डुकराला शिकारीच्या जनावरांतून काढले आणि उपद्रवी प्राणी ठरविले. शेतकऱ्याला आपल्या जमिनीवर ती मारता येतात. हौशी शिकाऱ्याचा हंगाम मात्र बंद झाला.

कॅन्सस राज्याने हे आधीच ओळखले होते. २००६ मध्ये तेथे रानटी डुकराची हौसेखातर शिकार करण्यासच मनाई झाली, आणि ती नाहीशी करण्याचे काम सरकारी पथकांनी हाती घेतले. शेजारच्या ओक्लाहोमात डुकरे राज्यभर पसरली असताना कॅन्ससमध्ये ती थोड्या भागांपुरती राहिली. न्यूयॉर्क राज्याने २०१४ मध्ये शिकारीवर बंदी घातली आणि २०१६ मध्ये ही डुकरे तेथून नाहीशी झाल्याचे जाहीर केले. मिझुरीने २०१६ पासून आपल्या संरक्षित सार्वजनिक जमिनींवर डुकरांची शिकार बंद केली.

हे उलटे गणित उलगडते कसे? कारण साधे आहे. डुकरे कळपाने राहतात. रात्री गोळी झाडली की एक-दोन पडतात, बाकीची उधळून दुसऱ्या शिवारात जातात आणि पुढे अधिक सावध होतात. सरकारी पथके निराळी रीत वापरतात. मोठ्या वाटोळ्या जाळीच्या खोड्यात मका टाकून कळपाला कित्येक दिवस येण्याची सवय लावतात. दूरवरून कॅमेऱ्यात पाहत बसतात. आणि अखेरची डुकरीण आत आल्याखेरीज दार पाडीत नाहीत. यात थरार नाही. यात धीर आहे, आणि सारा कळप एकाच वेळी हाती येतो. मधेच एखादा हौशी शिकारी येऊन त्या मक्यावर आलेला एक नर टिपतो, तेव्हा त्या पथकाचे पंधरवड्याचे काम वाया जाते.

दुसरे कारण पैशाचे आहे. शिकारी जमीनमालकाला पैसे देऊ लागला की डुक्कर हे नुकसानीचे जनावर न राहता उत्पन्नाचे साधन होते. ज्याला उत्पन्न मिळते तो डुकरे राखतो, आणि त्याच्या शेजाऱ्याचे पीक जाते. दख्खनच्या टेंट क्लबाचा साहेब आणि टेक्सासचा दुर्बीणवाला शिकारी यांच्यात शंभर वर्षांचे आणि दहा हजार मैलांचे अंतर आहे. एकाने गोळी घालणे हलकेपणाचे मानले, दुसऱ्याने गोळ्यांचा वर्षाव केला. तरी दोघांच्या छंदाचा परिणाम एकच झाला : डुक्कर राहिले. जेथे मारणे हीच मौज असते तेथे मारावयाचे जनावर संपू नये याची काळजी कोणी ना कोणी घेतोच.

आपल्या शिवारात

आता घरी परत येऊ. अमेरिकेतले डुक्कर उपरे आहे, त्याला समूळ नाहीसे करणे हे तेथील सरकारचे उद्दिष्ट असू शकते. आपल्याकडचे रानडुक्कर येथलेच आहे. सह्याद्रीतल्या आणि विदर्भातल्या रानांत ते वाघाचे व बिबट्याचे भक्ष्य आहे. ते संपले तर वाघ कोठे वळेल हे सांगावयास नको. तेव्हा त्याला संपवावयाचे नाही, पिकापासून दूर ठेवावयाचे आहे, आणि उपद्रव करणारा कळप असेल तेथे तो कमी करावयाचा आहे. हे शुद्ध राखणीचे काम झाले.

कायद्याची स्थिती अशी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रानडुकराला संरक्षण आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०२३ पासून, ते दुसऱ्या अनुसूचीत आहे. परंतु उभ्या पिकाला धोका निर्माण झाल्यास वनाधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने मारण्याची वाट त्याच कायद्यात आहे. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने रोही व रानडुक्कर यांच्या बाबतीत अशा परवानगीची कार्यपद्धती ठरवून दिली. केरळने २०२२ मध्ये हा अधिकार ग्रामपंचायतीच्या अध्यक्षासारख्या स्थानिक प्रमुखांपर्यंत खाली नेला. बिहार व उत्तराखंड या राज्यांत २०१५-१६ मध्ये केंद्र सरकारने काही मुदतीपुरते रानडुकराला उपद्रवी प्राणी ठरविले होते.

वाट कागदावर आहे. पण रात्री अकरा वाजता कळप रानात शिरतो तेव्हा शेतकऱ्याजवळ परवानगी नसते, बंदूक नसते, आणि बंदूक असली तरी ती चालविण्याचा सराव नसतो. मग तो हताश होऊन कुंपणाच्या तारेत वीज सोडतो. त्या तारेला डुक्कर चिकटते, तसा वाघही चिकटतो, आणि पहाटे पाण्याची मोट चालू करावयास निघालेला शेजारी किंवा त्या शेतकऱ्याचा स्वतःचा मुलगाही चिकटतो. कोणी सुरुंगाच्या दारूचे गोळे खाण्यात लपवून ठेवतात. ते गाईच्या तोंडात फुटतात. कोणी ज्वारी आणि भुईमूग पेरणेच सोडून देतात. पहिल्या दोन उपायांची बातमी होते. तिसऱ्याची होत नाही; पण गावातले एक पीक त्यामुळे कायमचे जाते.

या परिस्थितीत शेतकरी बंदूक मागतो, त्याला हसण्याचा अधिकार शहरात पिकाच्या भावाची चर्चा करणाऱ्या आपणांपैकी कोणाला नाही. १५२५ च्या जर्मन शेतकऱ्याची मागणी न्याय्य होती आणि याचीही आहे. मात्र ती मागणी पुरी करताना इतिहासाने शिकविलेले तीन धडे सोडू नयेत. पहिला : मारण्याचे काम हौशी माणसाच्या हाती देऊ नये आणि त्यातून कोणाला पैसा मिळू देऊ नये; नाहीतर दहा वर्षांनी डुकरे अधिक आणि शिकारीची दुकानेही अधिक, अशी अवस्था होईल. दुसरा : एकेक डुक्कर टिपण्याने काही साधत नाही, कळपाचा विचार केला पाहिजे, म्हणून गावांच्या गटाला शिकविलेले व साधने दिलेले पथक हवे, आणि त्याला परवानगी तासांत मिळाली पाहिजे, महिन्यांत नव्हे. तिसरा : एका शेताची राखण म्हणजे शेजाऱ्याच्या शेताकडे डुकरांची रवानगी. कुंपण घालावयाचे तर ते शिवाराला घालावे, आणि त्याचा खर्च शिवाराने व सरकारने मिळून सोसावा.

या तिसऱ्या धड्यात नवे काही नाही. 'जागल्या' आणि 'राखणदार' हे शब्द ज्यांनी घडविले त्यांना तो ठाऊक होता. राखण ही गावाने मिळून करावयाची गोष्ट आहे असे ते मानीत, म्हणून ती करणाऱ्यासाठी त्यांनी गावात एक जागा ठेवली आणि त्याच्या पोटाची सोयही गावानेच पाहिली. पुढे रान सरकारकडे गेले, बंदूक परवान्याकडे गेली, आणि राखण एकट्या शेतकऱ्याच्या गळ्यात पडली. रानातले डुक्कर साऱ्या समाजाचे धन म्हणून आपण कायद्याने राखतो आणि ते रास्तच आहे. पण मग त्या धनाने रात्रीत खाऊन टाकलेल्या पिकाचा भार साऱ्या समाजाने उचलावा, हेही तितकेच रास्त आहे. तो उचलला जाईपर्यंत आपल्या ताटातल्या भाकरीमागे कोणाचे तरी जागरण आहे, आणि ते जागरण तो एकटा करीत आहे, एवढे भान शहराने ठेवावे.